जोडणीची दुसरी आवृत्ती

जळगावात आमचं ऑफिस एका दाळमिलच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. काम करणारी माणसंही दोनच, सर आणि मी. खाली मिल सुरू झाली की टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायचा. दारंखिडक्या लावल्या तरी तुरीच्या टरफलांची बारीक धूळ आत यायची. म्हणून कीबोर्डवर आम्ही जुन्या उशांचे अभ्रे घालायचो आणि फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात ठेवायचो. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता तो. जळगावात कॉम्प्युटर आले होते, पण ते बहुतेक ठिकाणी काचेच्या केबिनमध्ये, चपला बाहेर काढून बघायची वस्तू होते.

सर मूळचे धुळ्याचे. आधी तिथल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. ते सोडून त्यांनी जळगावात हा उद्योग सुरू केला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने शिडशिडीत, बोलणं हळू. एखादी गोष्ट पक्की कळल्याशिवाय ते वाक्य सुरूच करत नसत. मी पहूरजवळच्या खेड्यातली, केळी-कापूस करणाऱ्या घरातली. जळगावला शिकले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. माझं काम नेमकं काय, हे घरी कोणालाच सांगता यायचं नाही. विचारणाऱ्याला आई सांगायची, टायपिंग करते.

आम्ही सी भाषेत प्रोग्राम लिहायचो. प्रोग्राम लिहायचा, बांधायचा म्हणजे मशीनला चालवता येईल असा करायचा, आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे सगळं एकाच निळ्या पडद्यावर व्हायचं. तो पडदा परदेशी, त्याला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. सरांनी दोन वर्षं खपून त्याच्यासाठी एक जोड-प्रोग्राम तयार केला होता. आम्ही त्याला 'जोडणी' म्हणायचो. जोडणी चालू केली की त्या निळ्या पडद्यात थेट मराठी अक्षरं टाइप करता यायची, आणि तयार झालेला प्रोग्रामही पडद्यावर आणि कागदावर मराठी उमटवायचा. जोडणीचे दोन भाग होते. एक भाग मेमरीत बसून अक्षरं काढायचा. दुसरा भाग म्हणजे एक फाइल. तिला आम्ही लायब्ररी म्हणायचो, आणि आपला प्रोग्राम बांधताना ती त्यात मिसळली जायची. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल.

जोडणीच्या जिवावर आम्हाला एका शिक्षणसंस्थेचं काम मिळालं. जामनेर-बोदवड भागात त्यांच्या पाच शाळा होत्या. शाळा सोडल्याचे दाखले मराठीत छापून द्यायचे होते. पहिल्या वर्षी आम्ही ते दिले. सगळे खूश झाले, फक्त बोदवडच्या शाळेतले एक म्हातारे हेडक्लार्क सोडून. त्यांनी एक दाखला घेऊन एसटीने जळगाव गाठलं आणि तो सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

जन्मगावाच्या रकान्यात 'कुर्हा' असं छापलं होतं. ह च्या डोक्यावर रफार.

"कुऱ्हा," सर म्हणाले.

"कुऱ्हा असं लिहा ना मग. पोराचा दाखला आहे, जन्मभर राहील त्याच्याजवळ."

सरांनी त्यांना चहा पाजला, चूक मान्य केली. ऱ्ह आणि ऱ्य काढायचं पहिल्या जोडणीत राहूनच गेलं होतं, आणि ज्या पद्धतीने ती लिहिली होती त्यात ते घुसवणंही सोपं नव्हतं. हेडक्लार्क गेल्यावर सर म्हणाले, "नव्याने लिहावी लागेल. ठिगळ लावून नाही चालणार."

ते लिहायला बसले त्याच सुमारास त्यांचे पाय सुजायला लागले. आधी चपलेचा पट्टा सैल केला, मग चप्पलच बदलली. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागणार होतं आणि त्यासाठी नाशिकला जावं लागणार होतं. जळगावहून ते जमणारं नव्हतं. सर धुळ्याला आपल्या घरी राहायला गेले. सोबत ऑफिसातला जुना कॉम्प्युटर नेला.

"नवी जोडणी तिकडे पुरी करतो," ते म्हणाले. "इकडचं तू बघ."

त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारी होता, पण त्यांना जिना उतरून जायला त्रास व्हायचा. त्यामुळे आमचं बोलणं चिठ्ठ्यांवर चालायचं. धुळ्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं आणि जळगावला मी ते उतरवून घ्यायचं. मार्चच्या शेवटी असंच एक बनियनचं खोकं आलं. आत चार फ्लॉप्या आणि एक चिठ्ठी होती. सरांचं अक्षर थोडं सैल झालं होतं, पण ओळी सरळ होत्या. 'दुसरी आवृत्ती. आधी जुनी लायब्ररी पुसून टाक, मग ही चढव. ऱ्ह बघ.'

मी डोक्यावरचा पंखा लावला आणि बसले. मुख्य डिरेक्टरीतली, म्हणजे आजच्या भाषेत मुख्य फोल्डरमधली, जुनी लायब्ररी पुसली. चारही फ्लॉप्या चढवल्या. निळा पडदा उघडला आणि त्याच फ्लॉप्यांवर सरांनी नव्या जोडणीसाठी लिहून पाठवलेला दाखल्यांचा प्रोग्राम बांधायला लावला.

तो बांधलाच गेला नाही. पडद्यावर खाली एक ओळ आली. नव्या जोडणीतलं ऱ्ह काढणारं फंक्शन, म्हणजे तेवढंच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, लायब्ररीत सापडत नाही, अशा अर्थाची.

मी फ्लॉप्यांवरच्या फाइली पाहिल्या. सरांनी लिहिलेला मूळ मजकूर त्यांच्यावर होता, आणि त्यात ते फंक्शन होतं. मला वाटलं, लिहिलं पण लायब्ररी तयार करताना त्यात घालायचं विसरले. असं त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. पण ते आजारी नव्हते तेव्हा कधी झालं नव्हतं, असं मी मनाशी म्हटलं. ते फंक्शन मी मूळ मजकुरातून उचललं, दाखल्यांच्या प्रोग्रामात घातलं आणि पुन्हा बांधलं. या वेळी बांधलं गेलं.

चालवलं तेव्हा पडदा वेड्यावाकड्या ठिपक्यांनी भरून गेला आणि मशीन थिजलं. कीबोर्ड चालेना. बटण दाबून बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा.

मग मी डीबगर लावला. त्यात प्रोग्राम एकेक ओळ पुढे सरकवता येतो, आणि आत्ता कोणत्या ओळीवर आहे ती ओळ पडद्यावर उजळते. दाखल्यांच्या प्रोग्रामात सगळं ठीक होतं. पाचवी ओळ, दहावा स्तंभ, मजकूर कुऱ्हा. जोडणीच्या आत पाऊल टाकलं की मात्र बिघडायचं. पाच हा आकडा मजकुराच्या जागी दिसायचा आणि मजकूर आकड्याच्या जागी. शिवाय उजळणारी ओळ भलतीकडेच जायची. रिकाम्या ओळीवर थांबायची, नाहीतर सरांनी स्वतःसाठी लिहिलेल्या टिपेवर, जिथे चालवण्यासारखं काहीच नसतं.

आज कोणी शिकाऊ पोरीने मला हे सांगितलं तर वाक्य पुरं व्हायच्या आत मी तिला कारण सांगेन. तेव्हा मला ते दिसलं नाही. मी सरांचा मूळ मजकूर उघडून वाचला आणि मला दुसरंच काहीतरी दिसलं. जुन्या जोडणीत अक्षरं काढणाऱ्या फंक्शनला आधी मजकूर द्यायचा आणि मग ओळ आणि स्तंभ. नव्या जोडणीत सरांनी ते उलटं केलं होतं. आधी ओळ-स्तंभ आणि मग मजकूर. सगळीकडे. त्यासाठी काही कारण आहे असं मला वाटलं नाही.

रक्तात युरिया वाढला की माणूस गोंधळतो, हे त्यांच्याच डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं होतं.

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा धुळ्याला गेले. प्रोग्रामचा सगळा मजकूर छापला होता. सलग कागदाची ती जाड गड्डी पिशवीत घालून एरंडोल, पारोळा करत बसने गेले. सरांच्या घरी दार अक्कांनी उघडलं. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. त्या अहिराणीच बोलायच्या, माझ्याशीसुद्धा.

"ये, बठ. रस्तामा तरास नही ना व्हयना?"

सर खाटेवर बसले होते. चेहरा सुजलेला, रंग मातीसारखा. मनगटाजवळ डायलिसिसच्या सुयांचे काळेनिळे डाग. खाटेला लागूनच टेबलावर कॉम्प्युटर होता, पडदा चालू होता. मला बघून त्यांना बरं वाटलं.

"ऱ्ह आला?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. चालतच नाहीये."

त्यांचा पहिला प्रश्न मला अजून जसाच्या तसा आठवतो. "जुनी लायब्ररी पुसलीस ना?"

"हो सर. तीच आधी पुसली."

"मग इथे कशी चालते?" त्यांनी त्यांच्या पडद्याकडे बघितलं. त्यांच्या मशीनवर ती चालत होती, त्यांनी मला चालवून दाखवली. पण ते मशीन जुनं आणि वेगळं होतं. तिथे चुकून चालत असेल असं मी धरून चालले होते.

मी कागदाची गड्डी त्यांच्या मांडीवर ठेवली. जिथे-जिथे क्रम बदलला होता तिथे मी तांबड्या पेनाने गोल केले होते. जवळजवळ प्रत्येक पानावर गोल होते.

"हे तुम्ही उलटं केलंय," मी म्हटलं. "आधी मजकूर पहिला होता."

ते पानं उलटत राहिले. दोन-तीनदा एका पानावर थांबले, ओठ हलले. आजवर मी त्यांना काही विचारलं की ते आधी गप्प राहायचे आणि मग उत्तर द्यायचे. या वेळी गप्प राहणं लांबलं आणि उत्तर आलंच नाही.

"मुद्दामच केलं असणार मी," शेवटी ते म्हणाले.

"का?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मला दिसत होतं. आदल्याच दिवशी ते नाशिकहून आले होते, बसमध्ये दोनदा उलटी झाली होती. कपाळावर घाम होता.

"आठवत नाही," ते म्हणाले.

आणि मी म्हणाले, "असू द्या सर. आजारपणात होतं असं."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गड्डीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "असं आहे का," एवढंच म्हणाले. निघताना अक्का मला ओट्यापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कालदिनपासून जेवन नही करं त्यासनी. तू वनी म्हनीसन उठी बठनात." मी आले म्हणूनच ते उठून बसले होते.

जळगावला येऊन मी सरांच्या मजकुरातला आणि दाखल्यांच्या प्रोग्रामातला क्रम सगळीकडे पूर्वीसारखा केला. दोन दिवस लागले. आता पडदा ठिपक्यांनी भरेना, पण अक्षरं जुन्यासारखीच उमटायची आणि 'कुऱ्हा' यायचं तिथे निम्मा शब्द गायब व्हायचा. जी दुरुस्ती करायचे तिचा कधी परिणाम व्हायचा, कधी अजिबात नाही. एकदा तर मी जोडणीतलं एक आख्खं फंक्शन पुसून टाकलं, तरी प्रोग्राम बांधला गेला आणि चालला. तेव्हा तरी मला थांबून विचार करायला हवा होता. जे फंक्शन अस्तित्वातच नाही ते चालतं कसं? पण उन्हाळा जळगावचा, वीज दुपारी हमखास जायची, संस्थेचे निरोपावर निरोप येत होते. आणि माझ्याजवळ एक कारण तयार होतं. ते कारण धुळ्याला खाटेवर बसलं होतं.

मे महिन्यात दुसऱ्यांदा गेले. या वेळी सर झोपून होते. मला बघून उठायला लागले, मी नको म्हटलं तरी उठले.

"जुनी लायब्ररी," ते म्हणाले.

"पुसली हो सर. मागे पण विचारलं होतं तुम्ही."

माझ्या आवाजात जरा त्रासिकपणा आला. तो त्यांनी ऐकला. मग म्हणाले, "सतराचा पाढा म्हणतो. तू ऐक."

त्यांनी सावकाश पाढा म्हटला. सतरा सक एकशे दोन, सतरा साते एकशे एकोणीस, आणि तिथे अडखळले. पुन्हा मागे गेले, पुन्हा आले, आणि पुरा केला. बरोबर म्हटला. पण अडखळले ते त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

"पूर्वी नाही अडखळायचो," ते म्हणाले.

'मीही अडखळते सर, सतराच्या पाढ्याला कोणीही अडखळतं' असं सहज म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. मी म्हटलं नाही.

त्यांनी उशीखालून एक दोनशे पानी वही काढली. दुसऱ्या आवृत्तीच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या. ती माझ्या हातात दिली. "यात काय लिहिलंय त्यावर आता फार विसंबू नकोस. बरोबर असेल तेवढं घे. यंदा जुन्यावरच छाप दाखले." मग अक्कांना हाक मारून म्हणाले, "त्या मशीनले झाकी दे."

अक्कांनी आतून एक धुतलेलं जुनं लुगडं आणलं आणि कॉम्प्युटरवर टाकलं. त्यानंतर सरांनी तो उघडला नाही.

वही मी जळगावला आणली आणि टेबलाच्या खणात ठेवली. वाचली नाही. बिघडलेल्या डोक्याने लिहिलेलं वाचून आपलंही डोकं बिघडवायचं कशाला, असा काहीसा विचार मी केला होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केला होता.

जूनमध्ये दाखले पहिल्या आवृत्तीवरच छापले. जिथे-जिथे ऱ्ह होता तिथे रफार खोडून मी काळ्या पेनाने हाताने सुधारलं. बोदवडचे हेडक्लार्क ते दाखले घ्यायला आले, एकेक बघितला, आणि पिशवीत भरले. जाताना विचारलं, "साहेबांची तब्येत?"

"ठीक नाही."

"आमच्या ऱ्ह साठी बसले होते म्हणे लिहायला."

"हो," मी म्हटलं.

पावसाळ्यात सरांनी नाशिकला आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच जायला सुरुवात केली. त्यांच्या धाकट्या बहिणीने आपलं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली होती. मुंबईला जाऊन तपासण्या करायच्या होत्या. त्याला त्यांनी नकार दिला. बहीण भांडली, रडली, त्यांनी ऐकलं नाही. हे मला नंतर कळलं. का नकार दिला ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. तिला दोन लहान मुलं होती, तेच कारण असेल. माझ्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

गणपती बसले त्याच्या दोन दिवस आधी ते गेले. निरोप दाळमिलच्या मालकांच्या फोनवर आला. मी पोचले तेव्हा मंडळी घाटावरून परत येत होती.

ऑफिस मी एकटीने चालू ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत माझ्या कॉम्प्युटरची डिस्क आवाज करायला लागली. ती बंद पडायच्या आत नवी डिस्क बसवून घेतली. सगळं जसंच्या तसं उचलून न आणता लागेल तेवढंच आणायचं असं ठरवलं. निळा पडदा नव्याने चढवला. जोडणी चढवायची वेळ आली. स्टीलच्या डब्यात पहिल्या आवृत्तीच्या फ्लॉप्यांपैकी एक खराब निघाली, बुरशी धरली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या चारही ठीक होत्या. निदान निळ्या पडद्यात मराठी टाइप करता येईल म्हणून मी त्या चढवल्या. मी केलेल्या दुरुस्त्या या डिस्कवर नव्हत्या. होतं ते सरांनी पाठवलेलं, जसं पाठवलं तसं. दाखल्यांचा प्रोग्रामही सरांनी नव्या क्रमाने लिहिलेला, त्यांच्याच फ्लॉपीवरचा, घेतला. बांधायला लावला, तो बांधला जाणार नाही हे धरूनच.

बांधला गेला. एकही एरर नाही. चालवला तर पाचव्या ओळीत, दहाव्या स्तंभापासून, स्वच्छ 'कुऱ्हा' उमटलं. र ला ती आडवी, पापणीसारखी छोटी रेघ आणि पुढे ह.

मी खुर्चीत बसून राहिले. खाली मिल चालू होती.

मग मी जुनी डिस्क पुन्हा जोडली आणि शोधायला लागले. अर्धा तास लागला. निळ्या पडद्याच्या सेटिंगमध्ये एक जागा असते, तिथे लायब्ररी कुठे-कुठे शोधायची ते लिहिलेलं असतं. त्यात मुख्य डिरेक्टरीच्या आधी एक नाव होतं. माझं. दोन वर्षांपूर्वी, नवी-नवी होते तेव्हा सरावासाठी मी स्वतःच्या नावाची एक डिरेक्टरी केली होती. पहिल्या जोडणीची लायब्ररी तिच्यात उतरवून घेतली होती आणि यादीत ते नाव सगळ्यांत वर टाकलं होतं. पुसली ती मुख्य डिरेक्टरीतली. ही तिथेच राहिली. मी सरांची नवी लायब्ररी कितीही वेळा चढवली तरी मशीन पहिल्यांदा माझ्या डिरेक्टरीत बघत होतं, तिथे जुनी सापडत होती, आणि तीच मिसळत होतं. म्हणून नवं फंक्शन सापडत नव्हतं. म्हणून ओळ आणि मजकूर यांची अदलाबदल होत होती. म्हणून डीबगरची उजळलेली ओळ भरकटत होती, कारण दाखवायला नवा मजकूर होता आणि चालत होतं जुनंच. म्हणून पुसलेलं फंक्शनही चालत होतं. नवी आवृत्ती माझ्या मशीनवर एकदासुद्धा चाललेली नव्हती.

सरांनी दोन वेळा विचारलं होतं.

खणातून वही काढली. आठव्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'रेघ काढणे, चौकट काढणे, पुसणे, या सगळ्यांत ओळ-स्तंभ आधी आहेत. फक्त अक्षरं काढताना मजकूर आधी. यामुळे तिची चूक होते (तीनदा झाली). सगळीकडे एकच क्रम करणे.' ती म्हणजे मी. माझ्या चुका होऊ नयेत म्हणून त्यांनी क्रम बदलला होता.

हे कोणाला सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. माझ्याशिवाय कोणाला कळायची शक्यता नव्हती. आठ-दहा दिवस मी कामावर आले आणि गेले. जेवण जाईना. मग एका रविवारी धुळ्याची बस धरली.

अक्का घरी एकट्याच होत्या. चष्मा लावून गहू निवडत होत्या. घरातला कॉम्प्युटर कोणीतरी नेला होता, टेबल तेवढं होतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. चूक सरांची नव्हती, माझी होती. त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं, निदान त्या कामापुरतं तरी पूर्ण ठीक होतं. मी त्यांना तसं वाटायला लावलं.

त्यांनी गहू निवडणं थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "हाई तू माले आते कसाले सांगस?"

आता कशाला, हे मी बसमध्ये स्वतःलाही विचारलं होतं.

"रोज सकाये माले इचारेत," त्या म्हणाल्या, "आज कोनता वार शे. मी सांगू. मंग म्हनेत, बराबर शे, माले बी हाऊच वाटना. रोज. एक दिन बी चुकनात नही." त्यांनी मूठभर गहू पुढे ओढले. "मी म्हनू, तुमले मालूम शे तर इचारतस कसाले. तर म्हनेत, खात्री करी लेस."

सूप बाजूला ठेवून उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं चहा टाकायला गेल्या असतील, पण आतून काही आवाज आला नाही. मी थोडा वेळ बसले. मग दार ओढून घेतलं आणि स्टँडवर चालत गेले. त्यानंतर मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

त्या जूनपासून पाचही शाळांचे दाखले दुसऱ्या आवृत्तीवर छापले जाऊ लागले. बोदवडच्या हेडक्लार्कनी पहिला गठ्ठा बघितला, एका दाखल्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. साहेबांचं काम आहे, असं मी त्यांना सांगितलं. नंतर एक वर्षाने ते निवृत्त झाले. जोडणीत मला तीन वर्षं एकही चूक सापडली नाही. मग संस्थेने खिडक्या-खिडक्यांची, विंडोजची नवी मशीनं घेतली. त्यांच्यात मराठी अक्षरं आयती येत होती, आणि जुनं सगळं पुसून नवं चढवायचं काम माझ्याकडेच आलं. पहूरची शाळा झाली, जामनेरच्या दोन झाल्या, चौथीही झाली. शेवटी बोदवड. प्रत्येक ठिकाणी पुसायच्या आधी मी सगळ्या डिरेक्टऱ्या एकेक करून उघडून बघितल्या. त्याची काही गरज नव्हती.